सवलत परत करायची आहे

माझी आई आमच्याकडे बिबवेवाडीला राहायला आली ती खुर्चीत बसून. खुब्याचं हाड मोडलं होतं, ऑपरेशन झालं होतं, आणि आम्ही राहायचो तिसऱ्या मजल्यावर. इमारतीला लिफ्ट नाही. बांधताना विषय निघाला होता म्हणे, पण तेव्हा सगळे सभासद धडधाकट होते आणि आपण जन्मभर असेच राहणार अशी सगळ्यांची खात्री होती. तर सोसायटीतल्या चौघांनी आईला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून वर आणलं. वर पोचल्यावर तिने पदर सारखा केला आणि सांगून टाकलं, "पुन्यांदा न्हाय बसायची मी ह्यात. चौघांनी उचलून न्यायला मी काय मेले का?"

त्यानंतर ती खाली उतरलीच नाही. सगळा जन्म लोणी काळभोरला शेतात गेलेला, आणि आता वॉकर घेऊन हॉलपासून स्वयंपाकघरापर्यंत जायचं नि परत यायचं. उरलेला वेळ गॅलरीत. भाजीवाल्याच्या गाडीवरची मेथी कालची आहे हे तिला तिसऱ्या मजल्यावरून कळायचं आणि ती ते वरून ओरडून सांगायची. बिचाऱ्याने शेवटी गाडी पुढच्या गल्लीत न्यायला सुरुवात केली. मग तेही बघायला राहिलं नाही. अशी दोन वर्षं गेली. तिने तक्रार कधी केली नाही, पण पूर्वी ती सारखी बोलायची, ती आता विचारलं की बोलायला लागली. मला ते बघवेना.

आणि अशात तळमजल्यावरचे निवृत्त प्राध्यापक घर विकून मुलाकडे बंगळुरूला निघाले. दारातून पाय काढला की फरशीचं छोटं अंगण, अंगण संपलं की फाटक, फाटकाबाहेर रस्ता. मध्ये एकही पायरी नाही. मी त्याच दिवशी त्यांच्याकडे गेले. ते म्हणाले, "दसऱ्यापर्यंत तुमच्यासाठी थांबतो. नंतर मात्र दलालाला सांगणार. मला म्हातारपणी उपकार करण्याचा सराव नाही." आमच्या घराला गिऱ्हाईक होतं, एक नुकतंच लग्न झालेलं जोडपं. जिन्याने व्यायाम होईल म्हणून खूश होतं. वरच्या फरकासाठी थोडं कर्ज काढायचं, एवढंच काय ते बाकी राहिलं होतं.

आमचे हे एका कारखान्यात हिशेब खात्यात आहेत, पगार दर महिन्याला बँकेत जमा, म्हणून कर्ज ह्यांच्या नावावर. बँकेतली मुलगी आमच्या लेकीच्या वयाची. कॉम्प्युटरकडे बघता बघता तिचा चेहरा उतरला.

"सर, तुमच्या क्रेडिट रिपोर्टवर एक जुनं क्रेडिट कार्ड दिसतंय. थकबाकी आहे. त्या बँकेने ती बुडीत दाखवलीय."

"बुडीत?" हे म्हणाले. "बुडवणारा मी नव्हे. ती बँक."

हे कुठलं कार्ड ते मला लगेच कळलं. आमच्या नातेवाइकांत ते माहीत नसलेला माणूस नाही.

झालं होतं असं. खूप वर्षांपूर्वी नगर रोडवरच्या एका मॉलमध्ये टाय लावलेल्या पोराने ह्यांना गाठलं आणि क्रेडिट कार्ड गळ्यात मारलं. आयुष्यभर फुकट, वर एक प्रवासी बॅग. पुढच्या वर्षी पाचशे रुपये वार्षिक शुल्काचं बिल आलं. दुसरा कुणी असता तर फोनवर भांडला असता, नाहीतर पाचशे रुपये फेकून मोकळा झाला असता. ह्यांनी पत्र लिहिलं. मुद्द्यांना क्रमांक घालून, बँकेला 'आपण' म्हणून, आणि शेवटी 'कळावे, लोभ नसावा'. मग कार्डाचे चार तुकडे केले. माझ्या ब्लाउज कापायच्या कात्रीने केले, तिची धार गेली ती गेलीच. ते तुकडे पोचपावतीच्या टपालाने पाठवून दिले. प्रवासी बॅग मात्र परत केली नाही हं. ती माळ्यावर होती.

मग वसुलीवाल्यांचे फोन सुरू झाले. लोक वसुलीच्या फोनला घाबरतात, आमच्याकडे उलटं. हे त्यांना फोन ठेवू द्यायचे नाहीत. "आधी माझ्या पत्रातल्या मुद्दा क्रमांक तीनचं उत्तर द्या." पलीकडचा म्हणायचा, सर मला पत्र माहीत नाही. "मग ज्याला माहीत आहे त्याला द्या. मी थांबतो." असं करत करत एक दिवस फोन यायचे बंद झाले, आणि बँकेने शरणागती पत्करली असं ह्यांनी जाहीर केलं. त्यानंतर एकही लग्नाची पंगत अशी गेली नाही की ही गोष्ट सांगितली गेली नाही. जिलबी वाढेपर्यंत कार्डाचे तुकडे व्हायचे, मठ्ठा येईपर्यंत बँक शरण यायची.

शरण आलेल्या बँकेने दरम्यान व्याज लावलं होतं, दंड लावला होता, दंडावर व्याज लावलं होतं. पाचशेचे अडतीस हजार झाले होते आणि ते खातं तिने एका वसुली कंपनीला विकून टाकलं होतं.

"हे निघाल्याशिवाय लोन पुढे सरकणार नाही, सर," ती मुलगी म्हणाली.

घरी येऊन हे पंख्याखाली बसले. "एक पैसा देणार नाही. तत्त्वाचा प्रश्न आहे."

"तत्त्व तुमचं आहे, पण आई माझी आहे," मी म्हणाले. "आणि तुमच्या तत्त्वाला जिना चढता-उतरता येतो. तिला येत नाही."

"उद्या ते अडतीस लाख म्हणतील, तेही देणार का?"

"तोंड बंद ठेवलं असतंत तर पाचशेच म्हणत होते."

आतून आईचा आवाज आला, "माझ्यापायी भांडू नगा रं. चांगली हाय मी हितं." चांगली आहे म्हणे. माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली की मी त्याच क्षणी ठरवलं, हे प्रकरण आता मी बघणार.

मी घरी ब्लाउज शिवते. बाई दारात चपला कशा काढते त्यावरून ती शिलाईत किती घासाघीस करणार ते मला समजतं. आणि स्वतः तुळशीबागेत गेले की मी दुसरीच बाई होते. वस्तूकडे नीट बघायचंच नाही. किंमत ऐकली की आधी हसायचं. मग बोलणं दुसरीकडेच न्यायचं, आणि शेवटी उठून चालायला लागायचं. मागून हाक येतेच. माझ्या जावा मला खरेदीला मुद्दाम घेऊन जातात. उगाच नाही.

वसुली कंपनीचं ऑफिस वाघोलीला एका नव्या चकचकीत इमारतीत, चौथ्या मजल्यावर. लिफ्ट दोन. दोन्ही रिकाम्या उभ्या. तिथेच माझं डोकं तापलं. टेबलापलीकडे एक तरुण मुलगा होता, विदर्भातला, बोलायला गोड. मी आमच्या ह्यांचं नाव सांगितल्यावर त्याने माझ्याकडे जरा आदराने पाहिलं. फाइलवर काहीतरी शेरा असणार.

"अडतीस हजार होतात काकू."

मी हसले. तो तीसवर आला. मी पाणी मागितलं, त्याचं गाव विचारलं, आई कशी आहे विचारलं. पंचवीस. माझ्या आईचं हाड, औषधं, जिना, सगळं सांगितलं. त्यात एक शब्द खोटा नव्हता, पदर तेवढा डोळ्याला जरा लवकर लावला. अठरा. मी उठले, पिशवी घेतली, दारापर्यंत गेले.

"काकू, बसा ना. चिडता काहून?"

अकरा हजारांवर मिटलं. पैसे भरले, त्याने सेटलमेंटचं पत्र दिलं आणि म्हणाला, "काकू, तुम्ही आमच्याकडे नोकरीलेच या."

त्या दिवशी मी शिरा केला. एक पैसा देणार नाही म्हणणाऱ्या माणसाने दोनदा मागून घेतला. "म्हणजे सत्तावीस हजार वाचले," हे म्हणाले, जसे काही ह्यांनीच कमावले. संध्याकाळपर्यंत साताऱ्याच्या नणंदेपासून सगळ्यांना फोन गेले. गोष्टीला नवा शेवट मिळाला होता. मीही काही कमी नव्हते. शिलाई टाकायला येणाऱ्या प्रत्येकीला सांगत होते, आणि सांगता सांगता माझ्याकडून एक-दोन ब्लाउजांच्या बाह्या चुकल्या.

महिना-दीड महिन्याने रिपोर्ट नवा झाला तशी मी बँकेत गेले, एकटीच.

"मॅडम, तुम्ही सेटलमेंट केलीत?" त्या मुलीने विचारलं.

"केली. अकरा हजारात," मी म्हणाले. शेजारच्या टेबलावरच्या माणसाला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाले.

त्या बिचारीने खुर्ची जरा पुढे ओढली. मग हळू आवाजात म्हणाली, "मॅडम, रिपोर्टवर आता 'सेटल्ड' असा शेरा आलाय. त्याचा अर्थ असा होतो, की ह्या माणसाने पूर्ण पैसे दिले नाहीत, तडजोड करून कमी दिले. आमचं हेड ऑफिस अशी फाइल पुढे घेत नाही. पूर्ण भरून खातं 'बंद' झालं असा शेरा हवा."

"म्हणजे मी भाव कमी केला ते त्यात लिहिलंय?"

"हो. किती माफ झाले तेही दिसतं."

मला आयुष्यात एक गोष्ट चारचौघींपेक्षा बरी येते, आणि तीच ह्यांच्या नावापुढे डाग म्हणून छापून आली होती. मी विचारलं, मग आता? ती म्हणाली, माफ झालेले सत्तावीस हजार नेऊन भरा, काही देणं बाकी नाही असं पत्र घ्या आणि त्यांना शेरा बदलायला सांगा. मी बरं म्हणाले आणि बाहेर येऊन रिक्षात रडले. खोटं कशाला सांगू. पैशाचं नव्हे, माझ्या हुशारीने आईला वरच अडकवून ठेवलं म्हणून रडले.

गणपती तोंडावर आले होते, म्हणजे दसऱ्याला जेमतेम दीड महिना. फाटकाशी प्राध्यापक भेटले. "घाई अजिबात नाही," ते म्हणाले, "पण काल एक गृहस्थ घर पाहून गेले. त्यांनी भाव विचारला नाही, नळाला पाणी किती वाजता येतं ते विचारलं. म्हणजे घेणारा माणूस आहे."

हे मी घरी सांगितलं तेव्हा आई लसूण सोलत होती. हात न थांबवता म्हणाली, "मला लोनीला सोडा. भावाच्या पडवीत खाट टाकंल त्यो."

"तिथे कोण आहे बघायला? शेत विकलं. मामा-मामी स्वतःच थकलेत."

"जमीन हाय की तितं. उटलं की पाय जमिनीवर पडतो."

हे पेपर वाचत होते. पेपर खाली ठेवला, परत उचलला. पान मात्र बराच वेळ उलटलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतःच चपला घालून दारात उभे राहिले आणि म्हणाले, "चला वाघोलीला."

मला बघून तो विदर्भातला मुलगा दचकला. "काकू, आता शून्य बाकी आहे. शून्याच्या खाली नाही जात."

"कमी करायला नाही आले. सत्तावीस हजार द्यायला आलेय. तुम्ही माफ केलेले."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग ह्यांच्याकडे बघितलं. मग परत माझ्याकडे. "काहून?"

मी सगळं समजावून सांगितलं. त्याला पटलं, पण त्याच्या कॉम्प्युटरला पटेना. बंद झालेल्या फाइलमध्ये पैसे घ्यायची सोयच नव्हती. त्याने साहेबांना बोलावलं. साहेबांना वाटलं आम्ही कंपनीला कशात तरी अडकवायला आलोय.

"तुमची काही तक्रार आहे का, मॅडम?"

"तक्रार नाही. पैसे घ्या."

"कुणी तुम्हाला धमकावलंय का? आमच्या माणसाने फोन केला का?"

"कुणी नाही केला. पैसे घ्या हो."

त्या मुलाला माझी दया आली असावी. पुढे वाकून म्हणाला, "काकू, पाच हजार भरा, मी बघतो काही."

"पाच नाही. सत्तावीस."

"बरं, दहा करू."

"सत्तावीस. एक रुपया कमी करू देणार नाही."

साहेब मान हलवायला लागले. माझा संताप झाला आणि सवयीने मी उठले, पिशवी घेतली, तरातरा दारापर्यंत गेले. मागून कुणी हाक मारली नाही. मी जरा वेळ दाराशी उभी राहिले, तिथलं अग्निशामक यंत्र कसं वापरावं ते वाचलं, आणि परत येऊन बसले.

शेवटी साहेब म्हणाले, ठीक आहे, कार्ड ज्यांच्या नावावर त्यांनी लेखी अर्ज द्यावा, मी वर पाठवून फाइल उघडून घेतो. अर्ज म्हटल्यावर हे खुर्चीत ताठ बसले. खिशातून पेन काढलं. इतक्या वर्षांत त्या लोकांनी पहिल्यांदाच ह्यांना लिहायला सांगितलं होतं. एक पानभर लिहिलं, मुद्द्यांना क्रमांक घालून. साहेबांनी वाचलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं. 'सदर रक्कम मी तीव्र निषेध नोंदवून, निव्वळ कौटुंबिक अडचणीस्तव भरत आहे.'

"हे असं चालणार नाही सर. निषेध असेल तर वरचे घेणार नाहीत. 'स्वखुशीने' असं लिहा."

ह्यांचे कान लाल झाले. ह्या माणसाला मी ओळखते. सख्ख्या मावसभावाच्या लग्नातून हा माणूस न जेवता परत आला होता, कारण आमंत्रण फोनवर दिलं, घरी येऊन दिलं नाही. बोलण्यासारखं खूप होतं, जिभेवर आलंही होतं, पण मला वाटलं, आता आपण तोंड उघडलं की हा उठणार. मी पिशवीचे बंद धरून बसून राहिले. देवाचं नाव घेतलं.

ह्यांनी पेनाला टोपण लावलं, परत काढलं. मग म्हणाले, "मामींना खाली यायचंय."

माझ्या आईला हे मामी म्हणतात, आणि हे वाक्य ते म्हणाले साहेबांना. साहेबांना मामी कोण, कुठून खाली यायचंय, काही माहीत नव्हतं. ते म्हणाले, "हो, हो." ह्यांनी निषेधावर काट मारली, वर 'स्वखुशीने' लिहिलं, आणि सही करण्याआधी जरा थांबून 'लोभ असावा' असंही लिहिलं. मला एकदम भरून आलं. साहेबांनी फक्त शिक्का मारला.

दसऱ्याच्या आधी शेरा बदलून आला. बँकेतल्या मुलीने फोनवर सांगितलं तेव्हा मी तिला एक ब्लाउज फुकट शिवून देईन म्हणाले, आणि दिलाही. प्राध्यापकांनी किल्ली देताना सांगितलं, "नळाला पाणी सकाळी सहाला येतं. त्या गृहस्थांना मी पहाटे साडेतीन सांगितलं होतं."

आता आईला खाली कसं न्यायचं? खुर्चीचं नाव काढायची चोरी. शेवटी हेच आत गेले. काय बोलले मला माहीत नाही, पण तिने ऐकलं. अट एकच घातली, की खुर्चीचा एक पाय जावयाने धरायचा. त्यांनी धरला. दुसऱ्या मजल्यावर ह्यांना धाप लागली तर आई वरून म्हणते, "दमा जरा, पाव्हणं. मला घाई न्हाय. आता चौघं पुन्यांदा लागतील ते एकदम शेवटालाच."

नव्या घरात दोन दिवस ती नुसती दाराशी बसून राहिली. अंगणात जा म्हटलं तर म्हणायची, बगू. तिसऱ्या दिवशी सकाळी मी उठले तर तिचं अंथरूण रिकामं, वॉकर नाही, फाटक उघडं. हे बनियन-लेंग्यावरच बाहेर धावले, मी मागे.

ती कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीशी बाकावर बसली होती. वॉकर शेजारी उभा. बशीत ओतून चहा फुंकत होती आणि टपरीवाल्याला त्याच्या गावाकडच्या पावसाचं विचारत होती. आम्हाला बघून टपरीवाला म्हणाला, "आजींकडे पैसे नव्हते. मी म्हटलं राहू द्या, पण त्या म्हणाल्या, फुकट नको, उधार मांड."

उधार हा शब्द ऐकून ह्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. लेंग्याच्या खिशात हात घालून नाणं काढलं आणि टपरीवाल्यापुढे धरलं. "हे घ्या. आत्ता घ्या. पूर्ण घ्या. काही बाकी ठेवायचं नाही."

आईने त्यांचं मनगट धरलं.

"ऱ्हाऊ द्या, पाव्हणं. ओळख न्हाय, पाळख न्हाय, तरी दिलं त्यानं माझ्यावर इस्वास ठिवून. उद्या येऊन देते म्हनून सांगितलंय मी."

ह्यांनी नाणं परत खिशात टाकलं आणि तिच्या शेजारी बाकावर बसले.